टँकर उलटला, फायर ब्रिगेड आली... आणि लांबच का थांबली?

हायवेवर टँकर आडवा पडलाय, आजूबाजूला पांढरा धूर किंवा वाफ दिसतेय, आणि अग्निशमन दलाची गाडी दोन-तीनशे मीटर मागेच उभी आहे. असा व्हिडिओ तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी आला असेल. खाली कमेंट ठरलेली: "आले आणि नुसते उभे राहिले. काही करत का नाहीत?"

तर मित्रांनो, आजचा लेख या एका प्रश्नाचं उत्तर आहे. घराला आग लागली की फायरमन धावत आत जातात, मग केमिकलच्या टँकरपाशी ते का थांबतात? थोडक्यात उत्तर असं, की ते थांबलेले नसतात. ते वाचत असतात, मोजत असतात आणि ठरवत असतात. अशा घटनेत पहिली दहा-पंधरा मिनिटं पाण्याची नसतात, माहितीची असतात. ही माहिती मिळवल्याशिवाय पुढे गेलं की काय होतं, हे मुंबईने फार मोठी किंमत देऊन पाहिलंय.

१४ एप्रिल १९४४, मुंबई

त्या दुपारी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज उभं होतं. आत कापसाच्या गाठी होत्या आणि त्याच जहाजात साधारण १४०० टन स्फोटकं. कापसाला आग लागली. फायर ब्रिगेड आली, पाण्याचा मारा सुरू झाला. शेकडो टन पाणी ओतूनही आग नेमकी कुठे आहे ते धुरामुळे सापडेना. धोकादायक माल असलेल्या जहाजाने लाल निशाण लावायचं असा नियम होता, पण या जहाजावर ते नव्हतं.

चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, आणि अर्ध्या तासाने दुसरा, त्याहून मोठा. गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला, शेकडो लोक गेले. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. १४ एप्रिल हा दिवस आपल्याकडे 'अग्निशमन सेवा दिन' म्हणून पाळला जातो, तो या घटनेची आठवण म्हणून.

त्या निशाणाची गोष्ट लक्षात ठेवा. आत काय आहे हे बाहेरून कळायला हवं, हा धडा आजही तितकाच लागू आहे. १२ ऑगस्ट २०१५ ला चीनमधल्या तियानजिन बंदरात रसायनांच्या गोदामाला आग लागली. आत नेमका कुठला माल आहे, हे आधी पोचलेल्या जवानांना माहीत नव्हतं. स्फोटांत १७३ लोक मृत किंवा बेपत्ता झाले, त्यातले १०४ अग्निशमन दलाचे होते. मधे ७१ वर्षं गेली, तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं, पण चूक तीच राहिली.

टँकरची पाटी म्हणजे त्याचं आधार कार्ड

आता रस्त्यावर येऊ. पेट्रोल, गॅस किंवा ॲसिड नेणाऱ्या टँकरच्या मागे आणि दोन्ही बाजूंना एक चौकोनी पाटी असते. आपण रोज बघतो, वाचत कधीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर ही पाटी असावीच लागते. त्यावर काय असतं?

१. मालाचं नाव.

२. चार आकडी यूएन नंबर. हा जगभर सारखाच असतो. पेट्रोल १२०३, एलपीजी १०७५, क्लोरीन १०१७, अमोनिया १००५. नाव पुसलं गेलं, ड्रायव्हर बेशुद्ध आहे, तरी हे चार आकडे दिसले की काम सुरू करता येतं.

३. डायमंडच्या आकाराचं चिन्ह. लाल रंग आणि ज्वाला म्हणजे पेट घेणारा माल. पांढऱ्यावर कवटी म्हणजे विषारी. हातावर आणि धातूवर थेंब पडताना दाखवलेत, म्हणजे ॲसिडसारखा जाळणारा माल.

४. मदतीसाठी फोन नंबर.

याशिवाय बऱ्याच टँकरवर दोन-तीन अक्षरांचा 'हॅझकेम कोड' असतो. ही पद्धत १९७० च्या दशकात लंडनच्या फायर ब्रिगेडमधून आली आणि मला विचाराल तर हे डेटा कॉम्प्रेशनचं भारी उदाहरण आहे. तीन अक्षरांत अख्खा ॲक्शन प्लॅन!

पेट्रोलच्या टँकरवरचा कोड बघा: ३, वाय, ई.

पहिला आकडा सांगतो आग कशाने विझवायची. १ म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा, २ म्हणजे पाण्याचं बारीक धुकं, ३ म्हणजे फोम, ४ म्हणजे कोरडी पावडर, पाणी अजिबात नको. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे नुसतं पाणी मारलं तर आग वाहत दुसरीकडे जाते. म्हणून ३.

दुसरं अक्षर एकदम तीन गोष्टी सांगतं: अंगात काय घालायचं, माल जोरात भडकू किंवा फुटू शकतो का, आणि सांडलेला माल भरपूर पाण्याने पातळ करून वाहू द्यायचा की अडवून ठेवायचा. 'वाय' म्हणजे माल भडकू शकतो, श्वसनयंत्र आणि फायरचा पोशाख हवा, आणि माल गटारात किंवा नदीत जाऊ न देता अडवा.

शेवटचं 'ई' आलं की आजूबाजूच्या लोकांना हलवायचा विचार लगेच करा.

क्लोरीनचा कोड २, एक्स, ई आहे. म्हणजे बारीक फवारा वापरा, पूर्ण बंद केमिकल सूट घाला, माल अडवा आणि लोकांना हलवण्याचा विचार करा. दोन्हीकडे 'ई' आहे, पण एका ठिकाणी नेहमीचा फायरचा कोट चालतो आणि दुसऱ्या ठिकाणी तो कोट घालून गेलेला माणूस वाचेलच असं नाही. हा फरक लांबून, दुर्बिणीतून वाचता येतो. म्हणून ते लांब उभे असतात.

वारा कुठून येतोय?

पाटी वाचायच्याही आधी एक गोष्ट बघितली जाते, ती म्हणजे वारा. गाडी नेहमी वारा पाठीवर येईल अशा बाजूने आणि शक्य असेल तर उंचावरून आणायची. त्यासाठी कधी कधी मोठा वळसा पडतो. जवळचा रस्ता सोडून गाडी फिरून आली म्हणून लोक ओरडतात, पण सरळ आलेली गाडी थेट वायूच्या ढगात शिरली असती.

उंचावरून का? कारण असे बरेच वायू हवेपेक्षा जड असतात. क्लोरीन हवेच्या जवळपास अडीचपट जड आहे, एलपीजी दीड ते दोनपट. ते वर उडून जात नाहीत. पाण्यासारखे उताराने वाहतात. नाल्यात, तळघरात, रस्त्याच्या सखल भागात साठतात.

मग किती लांब? यासाठी अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून एक हँडबुक काढतात, 'इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक'. जगभरचे फायरमन ते वापरतात. यूएन नंबर टाकला की अंतर मिळतं. पेट्रोल नुसतं सांडलं असेल तर सुरुवातीला सगळ्या बाजूंनी ५० मीटर मोकळे करा. पेट्रोलच्या टँकरलाच आग लागली असेल तर ८०० मीटर. एलपीजीचा टँकर आगीत सापडला असेल तर १६०० मीटर. म्हणजे दीड किलोमीटरहून जास्त! व्हिडिओ काढणारे बहुतेक जण या अंतराच्या खूप आत उभे असतात.

हँडबुक हाताशी नसेल तर प्रशिक्षणात शिकवलेली एक सोपी युक्ती आहे. हात सरळ पुढे करा, अंगठा वर करा, एक डोळा मिटा. अंगठ्यामागे अख्खा अपघात झाकला जात नसेल, तर तुम्ही फार जवळ आहात.

तीन वर्तुळं

अंतर ठरलं की जागेचे तीन भाग पाडतात. हॉट झोन म्हणजे जिथे गळती आहे तो भाग. तिथे फक्त योग्य सूट घातलेले, नाव नोंदवून गेलेले लोक. त्याबाहेर वॉर्म झोन, जिथे बाहेर येणाऱ्यांना धुतलं जातं. सगळ्यात बाहेर कोल्ड झोन, जिथे कमांडर, ॲम्ब्युलन्स आणि राखीव टीम असते.

हॉट झोनमध्ये कोणी एकटं जात नाही. दोघं आत गेले, तर तसाच सूट घातलेले दोघं बाहेर तयार उभे असतात. आतल्यांना काही झालं तर त्यांना ओढून आणणं एवढंच यांचं काम. व्हिडिओत जे 'नुसते उभे' दिसतात, त्यातले दोघं बहुतेक वेळा हेच असतात.

नाकावर नाही, मीटरवर विश्वास

आता टेक्नॉलॉजीचा भाग. टीमच्या हातात छोटी गॅस मीटर असतात. आत वेगवेगळे सेन्सर असतात आणि प्रत्येकाची मर्यादा वेगळी.

पहिला सेन्सर हवा पेट घेऊ शकते का ते सांगतो. एलपीजी हवेत साधारण २ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर पेटत नाही. ही झाली खालची मर्यादा. मीटर या मर्यादेच्या किती टक्के गॅस आहे ते दाखवतं. म्हणजे मीटरवर १० आलं तर हवेत गॅस फक्त ०.२ टक्के आहे, तरी अलार्म वाजतो आणि टीम सावध होते. पूर्ण १०० होईपर्यंत थांबणं म्हणजे काडी ओढायची वाट बघणं.

या सेन्सरमध्ये एक छोटा मणी गॅस जाळून उष्णता मोजतो. जाळायला ऑक्सिजन लागतो. हवेत ऑक्सिजनच कमी असेल तर मीटर चुकून कमी आकडा दाखवतं! म्हणून त्याच्याबरोबर ऑक्सिजनचा सेन्सर असतोच आणि तो आधी वाचायचा असतो.

क्लोरीन, अमोनिया अशा वायूंसाठी वेगळे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर असतात. क्लोरीनचं प्रमाण दहा लाख भागांत फक्त १० भाग झालं, तरी ती जागा जिवाला तात्काळ धोकादायक मानतात. एवढं सूक्ष्म प्रमाण पेटणाऱ्या वायूचं मीटर पकडूच शकत नाही. म्हणजे मीटर शून्य दाखवतंय म्हणून जागा सुरक्षित, असं नसतं. योग्य मीटर शून्य दाखवायला हवं. आणि योग्य मीटर कुठलं, हे ठरवायला आधी पाटी वाचावी लागते. सगळं पुन्हा तिथेच येतं.

सूटमधली पंधरा मिनिटं

सगळ्यात वरच्या दर्जाचा केमिकल सूट हा माणसाला पूर्ण गुंडाळतो. श्वसनयंत्रसुद्धा सूटच्या आत असतं. बाहेरचा वायू आत येत नाही, तसा आतला घामही बाहेर जात नाही. मे महिन्यातल्या उन्हात डांबरी रस्त्यावर हा सूट घालून चालण्याची कल्पना करा.

हिशोब करून बघू. पाठीवरचा सिलिंडर ६ लिटरचा, त्यात ३०० पट दाबाने हवा भरलेली. म्हणजे अंदाजे १८०० लिटर हवा. मेहनतीचं काम करताना माणूस मिनिटाला ४० लिटर हवा सहज वापरतो. १८०० भागिले ४० म्हणजे ४५ मिनिटं. काम जड असेल तर आणखी कमी. यातून आत चालत जायचा वेळ काढा, परत यायचा काढा, बाहेर आल्यावर धुऊन घ्यायचा वेळ काढा, वर थोडी हवा राखीव ठेवा. हातात उरतात पंधरा-वीस मिनिटं. जाड हातमोज्यांनी व्हॉल्व्ह फिरवायचा, तोही एवढ्याच वेळात. आत जाऊन 'बघू काय करायचं' याला जागाच नाही. काय करायचं ते बाहेरच ठरवून जावं लागतं.

अजून एक. हा सूट रसायनापासून वाचवतो, आगीपासून नाही. फायरचा कोट आगीपासून वाचवतो, रसायनापासून नाही. दोन्ही धोके एकत्र असतील तर बऱ्याचदा निर्णय असा असतो, की कोणी आत जाऊ नये.

एलपीजी: आग दिसतेय, पण विझवायची नाही

बघणाऱ्याला सगळ्यात विचित्र वाटेल असा भाग हा. गॅसच्या टँकरच्या व्हॉल्व्हमधून ज्वाला येतेय आणि फायर ब्रिगेड ती विझवत नाही, उलट टँकरच्या अंगावर पाणी मारत बसते.

कारण गळती बंद करता येत नसेल तर ज्वाला विझवणं जास्त धोक्याचं असतं. जळत असलेला गॅस निदान जिथल्या तिथे संपतोय. ज्वाला विझली की तोच गॅस न जळता जमिनीलगत पसरतो आणि कुठेतरी, कुणाच्या तरी चालू इंजिनपाशी, एकदम पेटतो. २० डिसेंबर २०२४ ला जयपूर-अजमेर हायवेवर भांकरोटाजवळ असंच झालं. ट्रकच्या धडकेने एलपीजी टँकरचे नोझल तुटले, गॅस रस्त्यावर पसरला आणि मग पेटला. मागेपुढे असलेल्या कितीतरी गाड्या जळाल्या, वीसच्या आसपास लोक गेले. एका टँकरमध्ये साधारण १८ टन एलपीजी मावतो. घरातल्या १४.२ किलोच्या सिलिंडरच्या हिशोबाने बाराशेहून जास्त सिलिंडर.

मग टँकरवर पाणी कशाला? टाकीच्या खालच्या भागात द्रव असतो, तो पत्र्याची उष्णता शोषून घेतो. वरच्या भागात नुसती वाफ असते, तिथला पत्रा पटकन तापतो आणि मऊ पडतो. आत दाब वाढतोय, बाहेर पत्रा कमजोर होतोय. एका क्षणी टाकी फाटते, आतला सगळा द्रव एकदम उकळतो आणि आगीचा गोळा होतो. याला 'ब्लेव्ही' म्हणतात. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या किंगमन गावात रेल्वेच्या प्रोपेन वॅगनची अशीच टाकी फाटली आणि ११ फायरमन गेले. वॅगन थंड करायची तयारी चालू असतानाच ती फुटली होती.

म्हणून पाणी टाकीच्या वरच्या भागावर, लांबून, आणि जमलं तर माणूस न ठेवता स्टँडवरच्या मॉनिटर नळीने मारतात. सेफ्टी व्हॉल्व्हचा आवाज वाढत चालला किंवा पत्र्याचा रंग बदलला, तर सगळं टाकून मागे सरकायचा आदेश असतो. पाणी पुरेसं नसेल तर सुरुवातीपासून फक्त लोक हलवायचे आणि टाकी जळू द्यायची. हा पळपुटेपणा नाही. एका टाकीसाठी अकरा घरं उजाड करायची नाहीत, एवढाच हिशोब आहे.

क्लोरीन: शिवडीचा धडा

१४ जुलै २०१० च्या पहाटे मुंबईत शिवडीच्या हाजी बंदर भागात, पोर्ट ट्रस्टच्या धोकादायक मालाच्या आवारात क्लोरीनच्या जुन्या सिलिंडरमधून गळती झाली. हे सिलिंडर वर्षानुवर्षं तिथे पडून गंजत होते. शंभराहून जास्त लोकांना त्रास झाला. त्यात कामगार होते, जवळचे विद्यार्थी होते आणि मदतीला गेलेले अग्निशमन दलाचे लोकही होते.

क्लोरीन पेटत नाही, पण श्वासातून फुप्फुसात जाऊन ओल्या भागाशी ॲसिड तयार करतो. तेच तो धातूशी करतो. म्हणून गळतीच्या भोकावर थेट पाणी मारायचं नाही. पाणी आणि क्लोरीन मिळून ॲसिड होतं, ते भोक आणखी मोठं करतं. पाण्याचं धुकं वापरायचं ते लांबून, वाऱ्याने जाणारा ढग अडवायला किंवा वळवायला.

इथे अनुभवी टीमची एक साधी, पण जबरदस्त युक्ती आहे. सिलिंडर फिरवायचा, म्हणजे भोक वरच्या बाजूला येईल. खालच्या बाजूला भोक असेल तर द्रव क्लोरीन बाहेर येतो, आणि एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो. भोक वर आलं की फक्त वायू निघतो, गळती कितीतरी पटीने कमी होते. मग क्लोरीनसाठी बनवलेल्या खास किटमधली टोपी आणि पट्टे लावून भोक बंद करायचं, किंवा उरलेला क्लोरीन कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात सोडून निष्प्रभ करायचा. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांवर, जिथे क्लोरीनचे मोठे टनर असतात, तिथे हे किट तयार ठेवतात ते याचसाठी.

स्थानिक दलाच्या पलीकडचं असेल तर?

खरं सांगायचं तर छोट्या नगरपालिकेच्या फायर स्टेशनकडे वर सांगितलेलं सगळं नसतं. अशा वेळी त्यांचं काम म्हणजे ओळखणं, अडवणं, लोक हलवणं आणि योग्य मदत बोलावणं. माल पाठवणारी कंपनी, एमआयडीसीचं अग्निशमन दल, शेजारच्या कारखान्यांच्या टीम आणि मोठ्या घटनेत एनडीआरएफ.

७ मे २०२० ला विशाखापट्टणमच्या कारखान्यातून स्टायरीनची वाफ बाहेर पडली, १२ जणांचा जीव गेला. स्टायरीन गरम झालं की आपोआप स्वतःशीच जोडत जातं, त्यातून आणखी उष्णता निघते. ही साखळी पाण्याने पूर्ण थांबत नाही, तिला थांबवणारं रसायन आत घालावं लागतं. ते रसायन गुजरातेतून विमानाने नेलं गेलं आणि एनडीआरएफची खास टीम पुण्याहून गेली. कधी कधी घटना आटोक्यात आणायचं साधन बंबात नसतं, हजार किलोमीटर लांब असतं. ते मागवायचं कळण्यासाठीही टाकीत काय आहे हे आधी कळायला लागतं.

यात तुमचा फोन काय करू शकतो?

पहिलं, फोनचा झूम. लांबून, वारा पाठीशी घेऊन पाटीचा फोटो काढा आणि ११२ किंवा १०१ वर फोन करून चार आकडे, किलोमीटरचा दगड आणि वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते सांगा. रीलपेक्षा हा एक फोटो हजारपट कामाचा. पण पाटी वाचण्यासाठी एक पाऊलही पुढे जायचं नाही. दिसत नसेल तर 'गोल टाकीचा टँकर, पांढरी वाफ' एवढं सांगितलं तरी चालतं.

दुसरं, वर सांगितलेल्या गाइडबुकचं फुकट ॲप आहे. एकदा डाउनलोड केलं की नेट नसतानाही चालतं. यूएन नंबर टाकून बघा, सोपं इंग्रजी आहे.

तिसरं, सेल ब्रॉडकास्ट. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम जोरात वाजून टेस्ट मेसेज आला होता, आठवतं? तो एसएमएस नव्हता. टॉवर आपल्या हद्दीतल्या सगळ्या फोनना एकाच वेळी संदेश देतो. नंबर लागत नाही, नेटवर्क जाम असलं तरी पोचतो. वायुगळतीत ठरावीक भागालाच 'बाहेर पडा' किंवा 'दारं-खिडक्या बंद करून आत राहा' असं सांगायला हे उत्तम साधन आहे. सेटिंगमध्ये हे अलर्ट बंद केले असतील तर आजच चालू करा.

आणि तुम्ही काय करायचं?

* पुढे ढग किंवा पांढरी वाफ दिसली तर गाडी लांबच थांबवा, इंजिन बंद करा आणि चालत मागे जा. ढगातून गाडी काढायचा प्रयत्न नको.
* वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वायू तुमच्यामागेच येईल. वाऱ्याला आडवं, बाजूला निघा आणि उंचावर जा. नाल्यात किंवा पुलाखाली आसरा नको.
* घरात असाल आणि आत राहायला सांगितलं असेल तर दारं-खिडक्या लावा, एसी आणि एक्झॉस्ट फॅन बंद करा, फटींना ओले कपडे लावा.
* अंगावर रसायन पडलं तर कपडे काढा आणि किमान १५ मिनिटं भरपूर पाण्याने धुवा. लाज नंतर, पाणी आधी.
* बेशुद्ध पडलेल्याला आणायला श्वसनयंत्राशिवाय आत जाऊ नका. एकाचे दोन होतात.
* सांडलेलं पेट्रोल गोळा करायला जाऊ नका, कोणाला जाऊ देऊ नका. २५ जून २०१७ ला पाकिस्तानातल्या अहमदपूर शर्कियामध्ये उलटलेल्या टँकरभोवती लोक कॅन आणि बाटल्या घेऊन जमले होते. आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. काही लिटर फुकट पेट्रोलसाठी.

पुढच्या वेळी हायवेवर टँकरच्या मागे असाल तेव्हा त्याची पाटी वाचून बघा, चार आकडे ओळखीचे होतील. आणि लांब उभ्या असलेल्या बंबाचा व्हिडिओ आला, खाली 'हे काहीच करत नाहीत' अशी कमेंट दिसली, तर हा लेख तिथे टाका. ते लांब उभे आहेत कारण मुंबईच्या गोदीत ६६ जण जवळ उभे होते.